सन्नाटा, धुंध आणि कीलक

सेनापती शिखरबद्दल मी इथे फारसं लिहिणार नाही. त्याचं कौतुक करायला आमची अख्खी कॉलनी होती. लखनऊतल्या मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतला जो तो मुलगा गळ्यात टॉवेल बांधून शिखर व्हायचा आणि पंपाच्या खोलीच्या कठड्यावरून उडी मारून गुडघे फोडून घ्यायचा. मुलींना बिजलीरानी व्हायचं असायचं, कारण ती बोटांतून वीज सोडायची आणि कितीही मोठी लढाई झाली तरी तिचे केस विस्कटत नसत. ‘गगनप्रहरी’ नावाच्या त्या हिंदी कॉमिक्समधली ही दोघं इतकी गाजलेली, की वह्यांच्या कव्हरांवर, पतंगांवर, गजक नावाच्या तिळाच्या मिठाईच्या पुड्यांवरसुद्धा त्यांचीच चित्रं. मला ती कधीच आवडली नाहीत. ज्यांच्यावर सगळे जीव टाकतात, त्यांच्यावर आपण आणखी कशाला टाकायचा, असं माझं तेव्हाही मत होतं आणि साठी ओलांडल्यावरही आहे. माझा जीव जडला होता तो मागच्या रांगेतल्या प्रहरींवर, आणि त्यांची ओळख करून द्यायला दुसरं कुणी उरलेलं नाही म्हणून हे प्रकरण.

मागच्या रांगेत एक कीलक होता. त्याची शक्ती अशी, की तो जिथे उभा राहील ती जागा हलायची नाही. पूल कोसळत असेल तर पुलाखाली कीलक, धरण फुटत असेल तर भिंतीला पाठ लावून कीलक. बाकीचे आकाशात हाणामारी करत असताना हा बिचारा चित्राच्या कोपऱ्यात दात आवळून उभा असे. शेवटच्या पानावर सगळ्यांचा सत्कार व्हायचा तेव्हाही तो तिथे नसायचा, कारण पूल अजून दुरुस्त झालेला नसायचा. दुसरा धुंध. हा स्वतःचं धुकं करायचा आणि शत्रूला वाट चुकवायचा. लखनऊच्या जानेवारीत राहणाऱ्यांना ही शक्ती काही फार मोठी वाटायची नाही, रोज सकाळी दूधवाला भैया धुंधसारखाच प्रकट व्हायचा. आणि धुंधच्या नशिबी कायमचा वनवास असा, की त्याचं काम उत्तम झालं तर तो दिसायचाच नाही. माझ्या भाचीचा मुलगा हल्ली मोबाइलवर असल्याच टोळ्यांचे सिनेमे बघतो. मी त्याला विचारते, यातला कोपऱ्यात उभा राहणारा कोण रे? तो म्हणतो, मावशीआजी, कोपरा कोण बघतं.

तिसरी सन्नाटा. पण तिच्याकडे यायच्या आधी आमच्या घरात यावं लागेल.

बाबा रेल्वेच्या संशोधनाच्या कामात ड्राफ्ट्समन होते. रुळांची, स्लीपरांची, डब्यांच्या चाकांची रेखाचित्रं काढायचे आणि घरी येताना त्यांच्या शर्टाला नकलांच्या छपाईतल्या अमोनियाचा उग्र वास यायचा. रद्दीत निघालेले निळ्या रेघांचे मोठे कागद ते घरी आणत, आणि आमच्या घरातल्या फळ्यांवर, डब्यांखाली, पुस्तकांवर सगळीकडे इंजिनांचे उभे-आडवे छेद पसरलेले असत. पहाटे त्यांची बुद्धवंदना चालायची, हळू आवाजात, भिंतीपलीकडचे मिश्राजी उठू नयेत म्हणून. मग आईच्या स्टोव्हचा फुरफुराट, मग दूर कुठेतरी चाचणीला काढलेल्या इंजिनाची लांबच लांब शिट्टी. आम्ही भंडाऱ्याकडचे. आईला ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे आणि लखनऊत ज्वारी मागितली की दुकानदार विचारायचे, गाय पाली है क्या. शेवटी निशातगंजच्या एका दुकानात बऱ्यापैकी ज्वारी सापडली. महिन्याचा एक रविवार बाबा सायकलच्या कॅरिअरला पिशवी बांधून शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जायचे, आणि त्या संध्याकाळी घरात भाकरी, झुणका, लसणाचा ठेचा आणि वर कच्चा कांदा असा सण असायचा. सुकट भाजायची असली तर आई आधी खिडक्या लावून घ्यायची. मिश्राजींच्या घरून कुणी कधी काही बोललं नव्हतं, पण आई खिडक्या लावायची.

या घरात माझी धाकटी बहीण शालू सात वर्षांची होऊन आली. तिच्या जन्मानंतर आई फार आजारी होती, तेव्हा मावशीनं तिला भंडाऱ्याला नेलं होतं. आज आणू, उद्या आणू करता करता ती तिथलीच झाली होती. आली ती सबंध भंडारा घेऊनच. घरात तिची टकळी अखंड चालायची. बाबा दाढी करताना, आई पीठ मळताना, मी अभ्यास करताना शालू बोलतच असायची, आणि ‘काहून’ आणि ‘कायले’ यांच्याशिवाय तिचं पान हलत नसे. पण पहिल्याच आठवड्यात ती मैदानावर पोरांना काहीतरी सांगायला गेली, अर्धं तिकडचं, अर्धं हिंदी, आणि पोरं पोट धरून हसली. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता, मुलं हसतात. पण शालूनं त्या दिवशी जे तोंड मिटलं ते उंबऱ्याबाहेर पुन्हा उघडलंच नाही. शाळेत नाही, मैदानावर नाही, दुकानात नाही. बाईंनी आईला बोलावून विचारलं, बच्ची सुनती तो है? आई घरी येऊन भांडी आपटत राहिली. बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “कुंदा, तू तिला खेळायला सोबत नेत जा. बोलली नाही तर नाही बोलली, पण एकटी नको राहायला.” मी तिला नेत असे. ती पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसायची आणि आमच्या तोंडांकडे बघत राहायची. वर्ष होत आलं तरी तेच. मला तिची लाजही वाटायची आणि तिच्यासाठी पोटात तुटायचंही.

कॉलनीच्या फाटकाबाहेर, आलमबागकडे जाणाऱ्या रस्त्यावर हबीब चचांची टपरी होती. तिथे कॉमिक्स भाड्यानं मिळत. बाकावर बसून वाचायचं किंवा एका रात्रीसाठी घरी न्यायचं. चचा मूळचे जिल्दसाज, म्हणजे पुस्तकबांधणीवाले. डोळे अधू झाल्यावर त्यांनी हा धंदा धरला, पण हाताची सवय कुठे जाते. नवं कॉमिक आलं की ते त्याचं चकचकीत कव्हर आधी काढून टाकायचे, कारण पोरं तेच पळवतात. मग तीन-चार अंक एकत्र करून जाड मेणाच्या दोऱ्यानं असे शिवायचे, की पुस्तक विहिरीत टाकलं तरी पान सुटू नये. आणि त्यांचा एक नियम होता. पुस्तकातलं एखादं पान फाटून हरवलं, तर ते पुस्तक तसंच भाड्यानं द्यायचे नाहीत. “अधूरी किताब किराए पर देना हमारे यहाँ बेईमानी है,” असं म्हणायचे. आता हरवलेलं पान आणणार कुठून? तर त्याच मापाचं, शक्यतो त्याच छपाईचं दुसऱ्या एखाद्या फुटकळ अंकातलं पान ते तिथे शिवून टाकायचे. पानांची संख्या पुरी, पुस्तक पुरं. गोष्टीत काय व्हायचं ते होवो. मानक नगरच्या मुलांनी कितीतरी गोष्टी अशाच वाचल्या, ज्यात चोराचा पाठलाग करणारा इन्स्पेक्टर मधेच एक पानभर जंगलात हरणांशी बोलून येतो. आम्हाला त्यात काही खटकलं नाही. कॉमिक्स अशीच असतात, अशी आमची समजूत होती.

सन्नाटा अशाच एका पानावर होती. त्या अंकात काय होतं, तर एका पानाच्या शेवटी खलनायकाची टोळी प्रहरींना चारी बाजूंनी घेरते आणि हल्ल्याचा हुकूम सुटणार असतो. पान उलटलं की चार मोठी चित्रं. एक पांढऱ्या साडीतली बाई, केस मोकळे, एक हात वर केलेला. भोवती माणसं तोंडं वासून उभी, आणि त्यांच्या तोंडांपुढचे बोलण्याचे फुगे सगळे कोरे. एक शब्द नाही. आणि त्याच्या पुढच्या पानावर टोळी दोरखंडानं बांधलेली. याचा अर्थ उघड होता. हिची शक्ती आवाज काढून घ्यायची. हुकूमच ऐकू गेला नाही तर टोळी करणार काय? पानावर तिचं नाव कुठे नव्हतं, ते मी ठेवलं, आणि मला अजूनही त्याचा अभिमान आहे. ती पुन्हा कुठल्याही अंकात आली नाही. यावर आमच्या बैठका झाल्या आणि असं ठरलं, की इतकी भारी शक्ती रोज वापरायची नसते.

शालूला ते पान पाठ होतं. पुस्तक घरी आणलं की ती तेवढंच उघडून बसायची. एके संध्याकाळी मैदानावर शिखरांच्या आणि बिजलीरान्यांच्या हाणामाऱ्या चालू असताना ती पायरीवरून उठली, मधोमध येऊन उभी राहिली आणि तिनं एक हात वर केला. आमचा पुढारी गुड्डू भैया, आठवीतला, दंडात बेडकी काढून दाखवणारा, तो क्षणभर बावचळला आणि मग ओरडला, “अरे चुप, सब चुप। सन्नाटा आ गई।” झालं. त्या दिवसापासून शालू टोळीत आली. ती आली की सगळ्यांनी नुसतं तोंड हलवायचं, आवाज काढायचा नाही, आणि ती चालत जाऊन एकेकाला पकडायची. तिचं न बोलणं हाच तिचा पराक्रम झाला. घरी येऊन ती आईला सांगायची, “आज म्या साऱ्यायले धरलं.” आई पोळी लाटता लाटता थांबून ऐकायची.

थंडीत कॉलनीच्या क्लबाचा वार्षिक समारंभ असायचा. त्या वर्षी मुलांनी गगनप्रहरी करायचं ठरलं. आधी एकेक प्रहरी स्टेजवर येणार, निवेदक त्याची ओळख करून देणार, मग लढाई. निवेदक मी. मला सगळ्यांची माहिती होती आणि माझी हिंदी आई-बाबांपेक्षा बरी होती. कीलक आणि धुंध व्हायला कुणी तयार होईना, तो प्रश्न आम्ही नंतरवर टाकला. बाबांनी निळ्या रेघांच्या कागदांचे मुखवटे कापून दिले, म्हणून आमच्या सगळ्या प्रहरींच्या कपाळावर आतून इंजिनाचे छेद होते. आईनं पेटी उघडून तिची पांढरी साडी काढली, विहारात जायची, वैशाखात नेसायची. ती कधी आम्हाला हात लावू देत नसे. तीच दुहेरी घडी करून शालूला नेसवली, टाचण्या मारल्या आणि म्हणाली, “पाय नको लावजो मातीले.” शालू आरशापुढून हलेना.

आणि मग रोहित आला.

त्याचे वडील दिल्लीहून बदलून आलेले मोठे साहेब. बंगल्यांच्या रांगेत शेवटचा बंगला त्यांना मिळाला. रोहितकडे गगनप्रहरींचे सगळेच्या सगळे अंक होते, कव्हरांसकट, पत्र्याच्या ट्रंकेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. हात धुतल्याशिवाय तो कुणाला ते धरू देत नसे. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या घरातला एकुलता मुलगा, तो गावोगाव ती ट्रंक घेऊन फिरला होता. नव्या जागी मित्र मिळेपर्यंत त्याला तेवढंच होतं. हे मला आज कळतं. तेव्हा फक्त एवढं कळलं, की तो आमच्या तालमीला आला, शालूकडे बघून हसला आणि म्हणाला, “यह कौन है? गगनप्रहरी में ऐसी कोई नहीं है।”

आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडलो. त्यानं भांडण केलं नाही. शांतपणे घरी जाऊन तो अंक घेऊन आला, आणि त्याबरोबर दुसरा एक, भुताखेतांच्या गोष्टींचा. आमच्या अंकात जिथे सन्नाटा होती, तिथे त्याच्या अंकात सेनापती शिखर एका ठोशात टोळीला लोळवत होता. आणि भुतांच्या अंकात आमची सन्नाटा होती, तीच चार चित्रं, तोच वर केलेला हात. ती एका पडक्या विहिरीतली चुड़ैल होती. लोकांची वाचा घालवायची आणि मग त्यांना खायची.

पोरांना काय, तेवढंच हवं असतं. दुसऱ्या दिवसापासून शालू दिसली की कुणीतरी किंकाळी फोडून पळायचं. ती पुन्हा पायरीवर जाऊन बसली, आणि या वेळी तर आमच्या तोंडांकडेही बघेना. घरी मी आईला सगळं सांगितलं तेव्हा आई आधी शालूसाठी नाही, साडीवरून चिडली. “पांढरी साडी नेसली की चुडैल? मग मी कोन व्हय? विहारातल्या साऱ्या बाया कोन व्हय?” तिनं साडी घडी करून पेटीत टाकली. शालूनं पेटीजवळ जाऊन ती पुन्हा बाहेर काढली, उशीखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या रात्री घरात तिची टकळी ऐकू आली नाही. घराबाहेर गप्प असणारी शालू आम्हाला सवयीची होती, पण घरातही गप्प म्हणजे काय ते पहिल्यांदाच कळत होतं. बाबा जेवले नाहीत. मला रोहितचा इतका राग आला होता, की त्याच्या ट्रंकेला वाळवी लागो असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

गुड्डू भैयाला नाटकाची घाई होती. तो म्हणाला, हबीब चचांकडे जाऊ, चचा जो कहेंगे वही। चचांचा शब्द मुलांमध्ये शेवटचा असे. शाळा सुटल्यावर आम्ही सगळे गेलो, रोहित त्याचे दोन्ही अंक छातीशी धरून आणि शालू माझा हात धरून. चचांनी चष्मा पुसला. तिन्ही पुस्तकं शेजारीशेजारी उघडून ठेवली. शिवणीवरून बोट फिरवलं. मी मनात म्हणत होते, चचा, खोटं बोला, एवढं एकदा. पण ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यांचा चेहरा उतरला.

“साहबज़ादे सही कहते हैं,” ते म्हणाले. “यह वरक़, यह पन्ना पराया है, सिलाई मेरी है। हमसे ख़ता हुई। हमने तो सोचा किताब पूरी हो जाए, यह न सोचा कि बच्चे उसे सच मान बैठेंगे।” आणि त्यांनी गल्ल्याशेजारचं पातं उचललं, शिवण उसवून ते पान काढायला. त्यांच्या दृष्टीनं तो इमानाचा प्रश्न होता. रोहितसुद्धा घाबरून म्हणाला, “नहीं, चचा, रहने दीजिए, मैं तो बस बता रहा था।” पण पातं दोऱ्याला टेकलं होतं.

माझ्या हातातला शालूचा हात सुटला. ती पुढे गेली, तिनं उघड्या पानावर पंजा ठेवला, आणि म्हणाली, “चचा, इसे काटिएगा नहीं। जहाँ सिल गया है, वहीं रहने दीजिए। इसे निकाल देंगे तो आपकी किताब फिर अधूरी हो जाएगी।”

आम्ही हसायच्या तयारीत होतो की काय कोण जाणे, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. वर्षभर पायरीवर बसून ही पोरगी ऐकत होती. आणि ऐकलं कुणाचं, तर आमच्यासारख्या तुसड्या पोरांचं नाही, हबीब चचांचं, मिश्राजींच्या आईचं, दारावर येणाऱ्या भाजीवाल्या बुजुर्गांचं. आमच्यापैकी एकालाही अशी हिंदी येत नव्हती. चचांनी पातं खाली ठेवलं आणि म्हणाले, “जैसा आप कहें, बिटिया।” सात-आठ वर्षांच्या मुलीला ते ‘आप’ म्हणाले. परतताना मला चालता चालता रडू येत होतं आणि मी ते थांबवलं नाही.

पान वाचलं. भूमिका मात्र गेली. गुड्डू भैयानं निकाल दिला, की पुस्तकात राहो, पण नाटकात आता खऱ्या अंकाप्रमाणे ठोसाच होईल. ठोसा त्यालाच मारायचा होता, त्यामुळे निकाल काय लागणार ते ठरलेलंच होतं. शिवाय तो म्हणाला, जी बोलते ती सन्नाटा कशी होईल? मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “और एनाउंसर यही बनेगी। ऐसा तो कोई नहीं बोलता।”

मला राग आला. बहिणीसाठी रडून झाल्यावर पाच मिनिटांत तिचाच राग आला, हे मी लपवत नाही. ओळखी मी लिहिल्या, नावं मी ठेवली, आणि माइक तिला. मी घरी येऊन पाय आपटले. आईनं मला काही समजावलं नाही. तिनं ताटात गरम भाकरी टाकली, वर तेलाची धार सोडली आणि म्हणाली, “तुले आठवते का, तिनं बाहेर शेवटचं कधी तोंड उघडलं होतं?” मी भाकरी खाल्ली आणि संध्याकाळी बसून शालूकडून सगळ्या ओळखी घोकून घेतल्या. रिकाम्या राहिलेल्या धुंधची भूमिका मी घेतली. आमची मच्छरदाणी पांघरायची आणि इकडून तिकडे जायचं, त्यात अभिनयाचं काम नव्हतं. आईनं मला रोहितला जेवायला बोलवायला पाठवलं. तो लाजत आला, झुणका बघून विचारात पडला आणि मग दोन भाकऱ्या खाऊन गेला. नाटकात काय व्हायचंय असं मी त्याला विचारलं, तसा तो म्हणाला, “कीलक ख़ाली है न? वही दे दो। उसको कहीं जाना नहीं पड़ता।”

समारंभाच्या संध्याकाळी क्लबाचा हॉल गच्च भरला होता. पुढे साहेब लोकांच्या खुर्च्या, मागे सतरंज्या, स्वेटर, शाली, मफलर, पोरांच्या खोकल्यांचा आणि मूंगफलीच्या टरफलांचा आवाज. चौथ्या ओळीत आई-बाबा. हबीब चचा धुतलेली शेरवानी घालून दाराशी उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. शालू माइकपुढे आली ती आईची पांढरी साडी नेसून. ती नको असं कुणी कुणी सुचवून पाहिलं होतं. आईनं ऐकून घेतलं आणि टाचण्या मारल्या. माइक तिच्या उंचीला खाली ओढला तेव्हा तो कर्कश किंचाळला, आणि मच्छरदाणीतून मला तिचे कान लाल झालेले दिसले. मग ती बोलू लागली. सेनापती शिखर, बिजलीरानी, एकेक जण आला, टाळ्या झाल्या. कीलकच्या ओळखीला रोहित पुढे आला आणि असा घट्ट उभा राहिला, की लढाई संपली तरी त्याला हलवावं लागलं. धुंधला फारशा टाळ्या पडल्या नाहीत, ते ओघानंच आलं.

माझ्यानंतर लढाई सुरू व्हायची होती. गुड्डू भैया मूठ आवळून तयार होता. पण शालू माइकपासून हलली नाही.

“अब आख़िर में उनसे मिलिए,” ती म्हणाली, “जो इस किताब की नहीं थीं। किसी और किताब से आई थीं। वहाँ लोग इनसे डरते थे। हबीब चचा ने इन्हें यहाँ सिल दिया, तो ये यहीं की हो गईं। इनका नाम सन्नाटा है।”

हे आम्ही घोकलेल्यात कुठेच नव्हतं. तिनं एक हात वर केला आणि ओठ मिटले. पहिल्यांदा पुढच्या खुर्च्या गप्प झाल्या, मग सतरंज्या, मग टरफलं. खोकणारी पोरंसुद्धा थांबली. क्लबाच्या त्या हॉलमध्ये इतकी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती, नंतरही नाही. ती हात वर करून उभी आणि सगळा हॉल तिच्याकडे बघत. किती वेळ गेला कोण जाणे. मला ते इतकं सुंदर वाटलं, की मी मच्छरदाणी तोंडावरून बाजूला केली.

आणि त्या शांततेत चौथ्या ओळीतून आईचा आवाज आला. घाबरलेला, दबका, पण हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. सुकटीच्या वासासाठीही खिडक्या लावून घेणारी आई, आणि तिची ती घरातली मराठी.

“शालू, बोल ना वं. भुलली का?”

शालूनं हात खाली केला नाही. तोंड तेवढं माइककडे वळवलं, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या आवाजात, साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल असं म्हणाली, “भुलली नाही वं आई. सन्नाटा आली आहे. जरा दम धर ना.”

समजलं किती जणांना, देव जाणे. पण हॉल फुटला. साहेब हसले, मिश्राजी हसले, दाराशी हबीब चचा तोंडाला रुमाल लावून हसले, आई पदरात तोंड खुपसून हसली. मी स्टेजवरून शालूकडे बघत होते, जीव मुठीत धरून. पोरं एकदा हसली होती तर तिनं वर्षभर तोंड मिटलं होतं, आणि आता तर सगळं जग हसत होतं. तिनं आधी आईकडे बघितलं, मग हॉलकडे. मग तिचे खांदे हलायला लागले. माइक तिच्या तोंडाशीच होता, त्यामुळे त्या साऱ्या हशात सगळ्यात मोठं हसू ऐकू आलं ते तिचं.